तुमचे प्रश्न: समर कॅम्पचे फॉर्म, काजूची अ‍ॅलर्जी आणि आजी-आजोबांचं पिकअप

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही नोव्हेंबरमध्ये पुण्याहून न्यू जर्सीला आलो. नवरा एल-१ व्हिसावर (कंपनीनं बदलीवर पाठवलेल्यांचा) आहे, मी एल-२ वर (त्यांच्या जोडीदारांचा), आणि फेब्रुवारीच्या शेवटी मलाही नोकरी लागली. मुलगा सात वर्षांचा आहे. इथली शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बंद होते आणि थेट सप्टेंबरमध्ये लेबर डे झाल्यावर उघडते, एवढे दिवस मुलाला कुठे ठेवायचं म्हणून एका डे कॅम्पला नाव घातलं. आता त्यांनी पोर्टलवर फॉर्मचा ढीग टाकलाय. हेल्थ फॉर्म, लसींचे रेकॉर्ड, औषधाची परवानगी, पिकअपची नावं, वेव्हर, फोटोची परवानगी, सनस्क्रीनची सुद्धा! मुलाला काजूची अ‍ॅलर्जी आहे, त्रास एकदम वाढला तर टोचायचं औषधाचं इंजेक्टर आहे आमच्याकडे. कॅम्प नट-फ्री आहे म्हणतात. सासू-सासरे जूनमध्ये येतायत, ते त्याला आणू शकतील का? वेव्हर वाचून तर पोटात गोळा आला, काहीही झालं तरी आम्ही जबाबदार नाही असं लिहिलंय. आणि ऑफिसमध्ये कुणीतरी म्हणालं की कॅम्पच्या फीवर टॅक्स वाचतो. कुठून सुरुवात करू तेच कळत नाहीये.

उत्तर: सुरुवात डॉक्टरच्या फॉर्मपासून करा, आणि आजच करा. बाकीचे सगळे कागद तुम्ही एका रविवारी बसून भरू शकता, पण डॉक्टरची सही तुमच्या हातात नाही. मे महिन्यात इथल्या प्रत्येक पेडिअट्रिशियनकडे अर्ध्या गावाचे कॅम्प फॉर्म येऊन पडलेले असतात, फॉर्म परत मिळायला बरेच दिवस जातात, काही ठिकाणी फी लागते, आणि मुलाची वार्षिक तपासणी झालेली नसेल तर आधी अपॉइंटमेंट घ्या म्हणतात आणि ती मग जुलैतली मिळते. न्यू जर्सीत बरेच कॅम्प 'युनिव्हर्सल चाइल्ड हेल्थ रेकॉर्ड' नावाचा फॉर्म घेतात, नंबर सीएच-१४. वरचा भाग आईबापांनी भरायचा, खालचा डॉक्टरनी. तुमच्या कॅम्पला हाच चालतो की त्यांचा स्वतःचा वेगळा आहे ते आधी विचारा, म्हणजे डॉक्टरकडे दोनदा जावं लागणार नाही.

आता लसींचं. शाळेत घालताना तुम्ही रेकॉर्ड दिलंच असेल, शाळेच्या नर्सकडून त्याची कॉपी मागून घ्या आणि पुण्याच्या कार्डाशी एकेक तारीख लावून बघा. हे मी मुद्दाम सांगतेय कारण आपल्या कार्डावर आधी दिवस मग महिना असतो आणि इथे आधी महिना मग दिवस. ०५/०८ म्हणजे आपली पाच ऑगस्ट, इथे ती आठ मे होऊन बसते, आणि मग कागदावर दोन डोसमधलं अंतर चुकतं किंवा लस वेळेआधी दिल्यासारखी दिसते. तुम्ही एका कोऱ्या कागदावर महिना अक्षरात लिहून सगळी यादी करून द्या, क्लिनिकमधली माणसं दुवा देतील. दुसरं म्हणजे गोवरची लस आपल्याकडे नवव्या महिन्यात देतात. ती इथे धरत नाहीत, पहिल्या वाढदिवसानंतरचे एमएमआरचेच (गोवर, गालगुंड, रुबेला) डोस मोजतात. तुमच्या मुलाला नंतरचे दोन मिळाले असतील तर काहीच प्रश्न नाही, पण एकच मिळाला असेल तर ते आत्ता कळलेलं बरं, कॅम्पच्या आदल्या शुक्रवारी नको. आणि कार्डावर नावाच्या जागी 'बेबी ऑफ' करून आईचं नाव लिहिलेलं असेल, जे आपल्याकडच्या हॉस्पिटलात सर्रास होतं, तर सोबत जन्मदाखला जोडा.

अ‍ॅलर्जीवर थोडं जास्त लिहिते, कारण सगळ्या ढिगात हा एक कागद असा आहे की जो खरोखर कुणीतरी घाईत, घाबरलेल्या अवस्थेत वाचणार आहे. आणि तो वाचणारा डॉक्टर नसेल, बहुतेक एकोणीस-वीस वर्षांचा कॉलेजमधला काउन्सेलर, म्हणजे मुलांचा गट सांभाळणारा, असेल. म्हणून 'नट अ‍ॅलर्जी' एवढं लिहून सोडू नका. काय खाल्लं की होतं, मागच्या वेळी काय झालं होतं, पहिलं लक्षण कोणतं दिसलं, आणि मुलगा स्वतः ते कोणत्या शब्दांत सांगतो, हे सगळं लिहा. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. आपली मुलं घाबरली की मराठीत बोलतात, 'घशात टोचतंय' किंवा 'जीभ कशीतरी होतेय' म्हणतील, आणि समोरच्याला ते काय कळणार. तेव्हा तो नक्की काय म्हणतो ते रोमन अक्षरांत लिहून पुढे अर्थ द्या, आणि घरी त्याच्याकडून इंग्रजीतलं एक वाक्य पाठ करून घ्या. काजूची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांना पिस्त्याचाही त्रास होण्याची शक्यता खूप असते, डॉक्टरना विचारून तेही फॉर्मवर घाला.

डॉक्टरकडून अ‍ॅलर्जीचा इमर्जन्सी प्लॅन सही करून घ्या. इंजेक्टर फार्मसीच्या लेबलसकट मूळ डब्यात द्यायचं, सुटं चालत नाही. डब्यात दोन असतात ते दोन्ही द्या, कारण कधी कधी पहिल्या डोसनं भागत नाही आणि अँब्युलन्स येईपर्यंत दुसरा लागतो. एक्स्पायरी ऑगस्टच्या पुढची आहे ना बघा, आणि डोस वजनावर ठरतो म्हणून मुलाचं आत्ताचं वजन डॉक्टरना बघू द्या. घरी एक जोडी वेगळी हवीच, कॅम्पची रोज नेआण करायच्या भानगडीत पडू नका, आणि गाडीत तर ठेवूच नका, उन्हात औषध खराब होतं.

मग कॅम्पच्या नर्सला किंवा डायरेक्टरला फोन लावा. ईमेल नको, फोन. आणि एकच गोष्ट नीट विचारा: माझा मुलगा पूलवर असतो तेव्हा इंजेक्टर कुठे असतं? ऑफिसमधल्या कपाटात आहे असं म्हणाले तर पुढे विचारा की पूलपासून ऑफिस किती लांब, किल्ली कुणाकडे, ट्रिपच्या दिवशी बसमध्ये कुणाच्या पाठीवर असतं, आणि ते टोचायचं ट्रेनिंग नर्सशिवाय कुणाला दिलंय. चांगला कॅम्प ही उत्तरं पटापट देतो, त्यांना रोजची सवय असते. आढेवेढे घेतले, 'बघून सांगतो' म्हणाले आणि सांगितलं नाही, तर माझं स्पष्ट मत आहे की डिपॉझिट गेलं तरी चालेल पण कॅम्प बदला. न्यू जर्सीत युथ कॅम्पना राज्याच्या आरोग्य खात्याचं सर्टिफिकेट घ्यावं लागतं, ते आहे का तेही ह्याच फोनवर विचारून घ्या. अमेरिकन कॅम्प असोसिएशनची मान्यता ही त्याहून वेगळी गोष्ट, ती ऐच्छिक असते. असली तर उत्तमच, पण ती आहे म्हणून राज्याचं विचारायचं सोडू नका.

नट-फ्री म्हणजे त्यांच्या लेखी बहुतेक शेंगदाणासुद्धा बंद, आणि इथे आपल्या मराठी स्वयंपाकघराची खरी पंचाईत होते! तुमच्या मुलाला शेंगदाणा चालत असेल, पण शेजारी बसलेल्या मुलाला नसेल. आपला कूट कशाकशात असतो आठवून बघा, साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, कितीतरी भाज्या, सुकी चटणी, चिवडा. सासूबाई आल्या की प्रेमानं डबा करतील आणि सवयीनं मूठभर कूट पडेलच, तेव्हा त्यांना आल्या आल्याच सांगा, नाहीतर डबा परत येईल आणि त्यांनाच वाईट वाटेल. थालीपीठ, धिरडं, दशमी, तूप-गुळाची पोळी गुंडाळून, बटाट्याची सुकी भाजी, हे सगळं बिनधास्त जातं. तिळाची चटणी द्यायच्या आधी मात्र विचारा, २०२३ पासून तीळही इथे मुख्य अ‍ॅलर्जीच्या यादीत आहे. तुम्ही शाकाहारी असाल तर फॉर्मवर नुसतं व्हेजिटेरियन लिहू नका, मांस, मासे, अंडं काय काय चालत नाही ते लिहा आणि मार्शमेलोचं वेगळं लिहा, कारण त्यात जिलेटिन असतं आणि कॅम्प म्हटला की मार्शमेलो आलाच.

सासू-सासऱ्यांचं नाव पिकअपच्या यादीत जरूर घाला. मात्र यादीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत जुळायला हवं. त्यांच्याकडे पासपोर्ट असणार, त्यावर नाव-वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव-आडनाव जसं छापलंय तसंच लिहा, घरातलं हाक मारायचं नाव नको. पासपोर्ट रोज खिशात घालून फिरणं मला बरं वाटत नाही, तेव्हा कॅम्पला विचारा की पहिल्या दिवशी मूळ पासपोर्ट दाखवून पुढे झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो चालेल का. बऱ्याच ठिकाणी एक कोडवर्ड किंवा गाडीत लावायचं कार्डही देतात. पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः त्यांच्याबरोबर जा, काउन्सेलरशी ओळख करून द्या. आजोबांना तिथल्या मुलीनं अडवून आयडी मागितलं तर अपमान वाटू शकतो, 'मी त्याचा आजोबा आहे, माझ्याकडे कसलं आयडी मागता', तर हे नातवाच्याच काळजीपोटी आहे हे तुम्ही आधीच समजावलेलं बरं. पण इमर्जन्सी फोनच्या यादीत त्यांना पहिल्या दोन नंबरांत नका ठेवू. इंजेक्टर दिलं, ९११ला फोन केला, आता हॉस्पिटलला या, असा भराभरा इंग्रजीत आलेला फोन त्यांना पेलणार नाही. तिथे तुम्ही, नवरा, आणि तिसरं कुणीतरी जवळ राहणारं, ज्याच्याकडे गाडी आहे असं.

वेव्हरनं घाबरू नका, पण वाचा. २००६ मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टानं एका स्केट पार्कच्या खटल्यात सांगितलं होतं की धंदा म्हणून खेळाची सोय चालवणाऱ्यांसमोर आईबापांनी आधीच सही करून दिली म्हणून मुलाचा नुकसानभरपाई मागायचा हक्क जात नाही. मात्र कोर्टाऐवजी लवादाकडे जाण्याची अट त्याच निकालात टिकली, म्हणून ती अट तुमच्या कागदावर आहे का ते बघा. संस्था धर्मादाय असेल तर गोष्ट वेगळी असू शकते. उपचाराच्या संमतीची सही मात्र अजिबात टाळू नका, इन्शुरन्स कार्डाची दोन्ही बाजूंची कॉपी त्याला जोडा. फोटोची परवानगी ही तुमची मर्जी, नको असेल तर नाही म्हणा, त्यानं प्रवेश अडू नये. सनस्क्रीनचं तुम्हाला हसू आलं असेल पण इथे ते औषधात मोडतं, म्हणून परवानगी मागतात. बाटलीवर नाव घाला आणि त्याला स्वतः लावायला शिकवा. पोहता येत नसेल तर 'थोडं येतं' असं लाजेकाजेस्तव लिहू नका, येत नाही असंच लिहा. आणि ह्या भागात टिक्स, म्हणजे गोचिड्या, आहेत, त्यातून लाइम रोग होतो, रोज संध्याकाळी आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांत बघायची सवय लावून घ्या.

पैशांचं म्हणाल तर ऑफिसमधल्या माणसानं बरोबर सांगितलंय, आणि तुमच्याकडे वेळ फार कमी आहे. तुमच्या कंपनीत डिपेंडंट केअर एफएसए, म्हणजे मुलांना सांभाळायच्या खर्चासाठी पगारातून पैसे बाजूला ठेवायची सोय, आहे का ते एचआरला आजच विचारा. नव्या नोकरीत साधारण पहिल्या ३० दिवसांत नाव घालावं लागतं, ते गेले की बहुतेक वेळा वर्षअखेरीची वाट बघावी लागते. एका कुटुंबाला वर्षाला २०२५ पर्यंत ५,००० डॉलरची मर्यादा होती, २०२६ पासून ७,५०० झाली. हे पैसे पगारातून टॅक्सच्या आधी कापले जातात. आत्ता भरलेलं डिपॉझिट लगेच मागता येत नाही, कॅम्पचा तो आठवडा होऊन गेल्यावरच क्लेम करायचा. उरलेले पैसे बुडू शकतात म्हणून फीचा हिशोब करूनच आकडा टाका. एफएसए नसेल तर टॅक्स भरताना फॉर्म २४४१ वर क्रेडिट, म्हणजे भरायच्या टॅक्समध्येच सूट, मिळतं, एका मुलासाठी ३,००० डॉलरपर्यंतचा खर्च धरतात, दोन किंवा जास्त मुलं असतील तर ६,०००. एकच मूल आणि एफएसएमधून ३,००० किंवा जास्त घेतले, तर क्रेडिटला काही उरत नाही. मूल १३ वर्षांच्या आतलं हवं, आणि कॅम्प दिवसाचा हवा. फुटबॉलचा असो, कॉम्प्युटरचा असो, चालतो, पण रात्री मुक्कामाचा चालत नाही. कॅम्पचा टॅक्स नंबर लागतो, फॉर्म डब्ल्यू-१० देऊन मागा, आणि तो आत्ताच मागून ठेवा कारण फेब्रुवारीत कॅम्पच्या ऑफिसात फोन उचलायला कुणी नसतं. मुलाला सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर आयटीआयएन, म्हणजे त्याऐवजीचा टॅक्सचा नंबर, लागेल.

ह्यात एक मोठी अट आहे, जी आपल्या लोकांना हमखास अडवते. नवरा-बायको दोघांचीही कमाई हवी. तुम्ही आता नोकरी करता म्हणून तुमचं जमेल, तेही तुम्ही कामाला लागल्यापासूनच्या खर्चाचं. पण तुमच्या ओळखीत एच-४ वर (एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असलेली, ईएडी म्हणजे कामाचा परवाना नसलेली एखादी मैत्रीण असेल तर तिला हे क्रेडिट मिळत नाही, ती पूर्ण वेळ शिकत असेल तर गोष्ट वेगळी. हे तिनं कॅम्पची फी भरायच्या आधी हिशोबात घ्यावं.

राहता राहिलं आठवड्यांचं गणित. साधारण दहा-अकरा आठवडे आहेत, सगळे एकाच महागड्या कॅम्पला द्यायची गरज नाही. गावाच्या रिक्रिएशन डिपार्टमेंटचा कॅम्प आणि वायएमसीए बघा, वायएमसीएत फी झेपत नसेल तर मदतीचा अर्जही करता येतो. सासू-सासरे आहेत तर दोन आठवडे घरी ठेवा, लायब्ररीचे समर रीडिंगचे कार्यक्रम फुकट असतात, आजोबा घेऊन जातील. पण उन्हाळाभर मूल त्यांच्या गळ्यात टाकू नका, ते नातवाला भेटायला येतायत. कॅम्प तीन-चारला सुटतो आणि तुमचं ऑफिस पाचला, त्यामुळे आफ्टर-केअर लागणार, त्याच्या जागा कॅम्पपेक्षा लवकर भरतात. जूनचा शेवट आणि लेबर डेच्या आधीचा आठवडा बरेच कॅम्प बंद असतात, तेवढी सुट्टी नवऱ्यानं आणि तुम्ही वाटून आत्ताच टाकून ठेवा.

प्रश्न: ठाण्याला राहतो. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मेमध्ये तीन आठवडे शिबिर आहे, पोरगी पाच वर्षांची. एक गूगल फॉर्म, त्यात नाव, वय, फोन आणि आधारचा फोटो, बास. बायको म्हणते सगळे ओळखीचे आहेत, मला जरा धाकधूक वाटते. मी उगाच काळजी करतोय का?

उत्तर: उगाच नाही, दादा. त्यांनी विचारलं नाही तर तुम्ही स्वतःहून लिहून द्या. एका कागदावर मुलीचं नाव, तुमचे दोघांचे नंबर, तिसरा शेजाऱ्यांचा, अ‍ॅलर्जी, चालू औषधं, तुमचे डॉक्टर कोण, आणि ठळक अक्षरात कोण घ्यायला येईल त्यांची नावं, त्यांच्याशिवाय कुणाच्याही हाती देऊ नये असं. खाली सही, आणि घेणाऱ्याचीही सही घ्या, शिबिराच्या ग्रुपवरही टाका. पाच वर्षांच्या मुलीला आधारची काय गरज ते विचारा. अडूनच बसले तर यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार काढून द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

शिकवणारे कोण, बाहेरचे असतील तर पोलिस व्हेरिफिकेशन झालंय का, मुलींना बाथरूमला कोण नेतं, दोन मोठी माणसं कायम हजर असतात का, हे समोरासमोर विचारा, आणि सोबत आणखी दोन-तीन पालकांना घ्या म्हणजे एकट्याची कटकट वाटणार नाही. ओळखीचे आहेत हे वहिनींचं म्हणणं खरं असेलच, पण ओळखीच्या माणसालाही हे प्रश्न विचारता येतात, आणि ज्याला मुलांची खरी काळजी आहे त्याला राग येत नाही. वेळ सकाळची असावी, साडेदहा-अकराच्या आत मुलं घरी. मेच्या दुपारी ठाण्यात पत्र्याच्या शेडखाली डान्स बसवणं मला तरी मान्य नाही. १०८ अँब्युलन्सचा, ११२ इमर्जन्सीचा आणि १०९८ चाइल्डलाइनचा नंबर क्लबहाउसच्या दारावर मोठ्या अक्षरात लावायला सांगा.

प्रश्न: आम्ही डॅलसला असतो. मुलगी जुलैत १३ची होईल. जुना कॅम्प म्हणतो आता ती कॅम्पर नाही, काउन्सेलर-इन-ट्रेनिंग होऊ शकते, पण त्याचीही फी आहे! काम करायचं आणि वर पैसे द्यायचे, हे पटतं का तुम्हाला?

उत्तर: फी कमी असेल आणि खरंच शिकवणार असतील, म्हणजे प्रथमोपचार, सीपीआर, लहान मुलांचा गट सांभाळणं, तर पटतं. नुसतं डबे उचलणं आणि रांगा लावणं असेल तर नाही. रोजचं टाइमटेबल लेखी मागा, त्यात शिकवण्याचे तास किती ते दिसेलच. टॅक्सच्या क्रेडिटसाठी वाढदिवसाच्या आदल्या दिवसापर्यंतचाच खर्च धरतात, तेव्हा कॅम्पकडून तारखेनिहाय पावती घ्या, सगळ्या उन्हाळ्याची एकच घेऊ नका. आणि मुलीला विचारलंत का? ह्या वयात तिला अर्धा उन्हाळा घरी लोळून वाचत काढायचा असेल तर तोही काढू दे.